लाल टोपण, केशरी टोपण

(पडद्यावर: पहाट. स्वयंपाकघरातला दिवा. फ्रिजचं दार उघडतं.)

साताऱ्यातलं आमचं घर. सकाळचे पावणेसहा. फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या दोन बाटल्या आहेत. एक आईची, एक बंड्याची.

आईला मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली. बंड्याला दीड. बंड्या म्हणजे आमचा बोका. केशरी-पांढरा, तेरा वर्षांचा. एकेकाळी पावणेसात किलोचा होता, आता पाच किलोच्या आत आलाय.

आईचं इन्सुलिन ४० युनिटचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्याच्या सिरिंजचं टोपण लाल. बंड्याला ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन देतो. ते १०० युनिटचं, आणि त्याची सिरिंज केशरी टोपणाची. एका सकाळी घाईत आईच्या हाताला लाल टोपणाची सिरिंज लागली. बाटली बंड्याची, सिरिंज स्वतःची. तिने दोनच्या खुणेपर्यंत औषध ओढलं. त्या दोनच्या खुणेवर प्रत्यक्षात पाच युनिट होते. पाच किलोच्या जिवाला अडीचपट डोस. मी ओट्याशी चहा गाळत होते, टोपणाचा रंग दिसला म्हणून वाचलो. त्या दिवसापासून बंड्याचं सगळं सामान स्टीलच्या वेगळ्या डब्यात असतं. त्या डब्यात लाल काही म्हणून नाही.

(पडद्यावर: स्टीलचा डबा. झाकणावर चिकटपट्टी, त्यावर पेनने लिहिलेलं 'बंड्या'.)

ही गोष्ट बंड्याच्या दातांची आहे. सुरुवात इन्सुलिनपासून केली, कारण त्याच्या दातांपर्यंत पोचायचा रस्ता तिथूनच जात होता.

गेल्या पावसाळ्यात तो खाताना डोकं एका बाजूला वाकडं करू लागला. तोंडात घेतलेला घास खाली पाडायचा, परत उचलायचा. लाळ गळायची, तोंडाला घाण वास यायचा. डॉक्टरांनी ओठ वर करून दाखवला. दाढांवर पिवळं-तपकिरी कीटण होतं आणि हिरडीची कड लालभडक सुजलेली. खालच्या जबड्यातल्या एका दाढेच्या मुळाशी हिरडी दातावर चढल्यासारखी दिसत होती. मांजरांमध्ये हा आजार बराच आढळतो. दात विरघळू लागतो, शरीर स्वतःच्याच दाताला खाऊन टाकतं. ही आपल्या दातांसारखी कीड नव्हे, आणि त्यात सिमेंट भरून भागत नाही. दात काढावाच लागतो. दुखतं भयंकर, पण मांजर दुखणं दाखवत नाही. ते फक्त हळूहळू खाणं कमी करतं.

दात काढायचे म्हणजे पूर्ण भूल द्यायला हवी. मांजर काही खुर्चीत बसून तोंड उघडणार नाही. आणि इथे अडलं. बंड्याच्या किडन्याही थकलेल्या होत्या.

एका दवाखान्यात आम्हाला सांगण्यात आलं, "वय झालंय, भूल झेपायची नाही. राहू द्या आता." आई तिथे काहीच बोलली नाही. घरी येऊन म्हणाली, "मलाही असंच म्हणतील का गं?"

दुसऱ्या डॉक्टरांनी आकडे मांडून दाखवले. मला ते फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते.

बंड्याचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, होतं २.४. मांजरांच्या किडनीच्या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. १.६ ते २.८ ही दुसरी, पाचच्या वर गेलं की चौथी. बंड्या दुसऱ्या पायरीवर. पण डॉक्टरांनी लगेच सावध केलं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि मधुमेहाने बंड्याचे स्नायू झडलेत. म्हणजे खरी अवस्था आकड्यापेक्षा थोडी वाईटही असू शकते. शिवाय किडनीचं बरंचसं काम बंद पडल्यावरच हा आकडा हलायला लागतो. म्हणून एसडीएमए नावाची आणखी एक तपासणी केली. तिच्यावर स्नायूंचा तितका परिणाम होत नाही.

मग त्यांनी ते चक्र समजावलं. सडलेल्या हिरड्यांमुळे अंगात सतत दाह राहतो. दाह असला की इन्सुलिन लागू पडत नाही. साखर वर राहिली की लघवी जास्त होते, अंगातलं पाणी जातं. पाणी गेलं की किडनीवर ताण. आणि किडनी नाजूक म्हणून भुलेची भीती, भुलेची भीती म्हणून दात तसेच. "साखर पूर्ण ताब्यात आली की दात काढू असं म्हणत बसलो," ते म्हणाले, "तर दात कधीच निघणार नाहीत. कारण साखर दातांनीच बिघडवली आहे."

तयारीला सहा आठवडे दिले. साखर एकदम नॉर्मल व्हायला हवी होती असं नाही. दिवसाचा बहुतेक वेळ ती १५० ते ३०० च्या दरम्यान राहावी, ८० च्या खाली कधी जाऊ नये, लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की बनणारी आम्लं) नसावेत, वजन उतरायचं थांबावं आणि तो खात असावा, एवढंच.

(पडद्यावर: तळहातावर छोटी पुरचुंडी. मांजराचा कान.)

कानातून रक्त कसं काढतात ते बघा. मलमलच्या फडक्यात मूठभर तांदूळ बांधून आई ते तव्यावर कोमट करते. ती पुरचुंडी बंड्याच्या कानाला लावून मिनिटभर धरायची. कानाच्या अगदी कडेने एक बारीक शीर जाते, ती फुगते. कडेला व्हॅसलिनचं बोट फिरवायचं, म्हणजे रक्त केसांत न पसरता थेंब गोल उभा राहतो. मागून कापूस धरायचा आणि सुई टोचायची. पहिले चार दिवस बंड्या पलंगाखाली पळाला. पाचव्या दिवसापासून टोचून झाल्यावर उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळतो हे त्याला कळलं. आता पुरचुंडी दिसली की स्वतः येऊन बसतो.

दर रविवारी बारा तास, दर दोन तासांनी एक थेंब. इन्सुलिनचा असर कधी चढतो, कधी उतरतो, साखर सगळ्यात खाली कुठे जाते ते त्यातून दिसतं. आमचं मशिन माणसांचं आहे. ते मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, कारण रक्तपेशी आणि रक्तातलं पाणी यांत साखरेची वाटणी मांजरात वेगळी असते. डॉक्टरांना हे माहीत होतं. ते म्हणाले, मशिन बदलू नका, एकाच मशिनचे आकडे लिहा, मी हिशेब धरतो.

घरचे आकडे का, असं कुणी विचारेल. एकाच दिवशी घरी २६५ आणि दवाखान्यातल्या टेबलावर ४१२ असे आकडे आम्ही पाहिलेत. घाबरलेल्या मांजराची साखर तशीच उसळी मारते. टेबलावरचा आकडा बघून डोस वाढवला असता तर रात्री घरी साखर कोसळली असती.

बीपी निघालं १७०. मांजराच्या पुढच्या पायाला किंवा शेपटीला छोटासा पट्टा बांधून ते मोजतात. किडनी बिघडली की बीपी चढतं, आणि चढलेलं बीपी किडनी आणखी बिघडवतं. अम्लोडिपिनच्या गोळीचा चतकोर तुकडा सुरू झाला. दोन आठवड्यांनी आकडा १४५ वर आला.

लघवी थेट मूत्राशयातून सुईने काढून कल्चरला, म्हणजे तिच्यात जंतू वाढतात का ते बघायला, पाठवली. साखर असलेली लघवी पातळ झाली की त्यात जंतू सहज वाढतात, आणि मांजराला त्रास होतोय हे बाहेरून कळतही नाही. बंड्याचं कल्चर स्वच्छ आलं. पोटॅशियम, फॉस्फरस, हिमोग्लोबिन, थायरॉइड, हृदयाची सोनोग्राफी, हे सगळं त्याच सहा आठवड्यांत उरकलं.

खाण्याची मात्र ओढाताण झाली. मधुमेहाला हवं जास्त प्रथिनं आणि जवळजवळ शून्य पिष्ट. किडनीला हवं कमी फॉस्फरस, आणि प्रथिनंही मोजूनमापून. बंड्या लहानपणापासून दूध-चपातीवर वाढलेला, आमच्याकडच्या बहुतेक मांजरांसारखा. चपाती पहिल्या दिवशी बंद झाली. कोरडे दाणे बंद झाले. डब्यातलं ओलं खाणं आलं, त्यात वरून कोमट पाणी. किडनीचं खास खाणं त्याने हुंगून सोडून दिलं. आई हट्टाला पेटली होती, तेव्हा डॉक्टरांनीच तिला थांबवलं. ज्या मांजराचं पोट रिकामं आहे त्याला इन्सुलिन देता येत नाही, आणि मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते त्यानेच जाऊ शकतं. त्यामुळे जे खाईल त्यातलं बरं ते द्यायचं. आईने चिकन शिजवायची पद्धत बदलली. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात.

(पडद्यावर: वहीचं पान. तारखा, वेळा, आकडे. शेवटच्या रकान्यात 'वाटी संपवली', 'अर्धी'.)

सहाव्या आठवड्यात वजन तीन रविवार जागेवर राहिलं. साखर १६० ते २९०. कीटोन नाहीत. तारीख मिळाली.

दातांचा एक्सरे, गॅसची भूल आणि ती देणारा स्वतंत्र माणूस, हे सगळं पुण्यात मिळणार होतं. एक्सरेशिवाय मांजराचे दात काढू नयेत असं मी आता कुणालाही ठामपणे सांगेन. दाताचा निम्मा आजार हिरडीखाली असतो. आम्ही आदल्या दिवशी दुपारीच मावशीकडे जाऊन राहिलो. खंबाटकीचा घाट पहाटे उतरून थेट टेबलावर न्यायचं नव्हतं. इन्सुलिन थर्मासमध्ये, बर्फ फडक्यात गुंडाळून, बाटलीला बर्फ थेट लागणार नाही असं. गोठलं की ते वाया जातं.

पहाटे साडेपाच. साखर २३८. दोन चमचे ओलं खाणं, आणि इन्सुलिन निम्मं. तीन युनिटऐवजी दीड. त्यासाठी अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मुद्दाम आणली होती. मधुमेही मांजराला रात्रभर उपाशी ठेवून पूर्ण डोस देणं धोक्याचं, आणि डोस अजिबात न देणंही बरं नाही. हा हिशेब बंड्यापुरता होता. तुमच्या मांजराचा तुमच्या डॉक्टरांनीच मांडायला हवा. पाण्याची वाटी उचलली नाही. किडनीच्या मांजराला तहानलेलं ठेवायचं नसतं. सोबत गाबापेंटिन, भीती कमी व्हावी म्हणून. तेही निम्मंच, कारण ते किडनीतूनच बाहेर पडतं.

साडेसातला दवाखाना. पुढच्या पायाचे केस काढून सलाईन लावलं. भुलेआधी दोन तास हळूहळू पाणी भरायचं, पण मोजून, कारण जास्त झालं तर मांजराच्या हृदयाला आणि फुप्फुसांना झेपत नाही. मी वहीतले प्रश्न विचारले. साखर दर अर्ध्या तासाने बघाल ना? हो, आणि खाली गेली तर सलाईनमध्ये डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरच. मेलॉक्सिकॅम, ते दुखण्या-सुजेचं औषध, देणार का? नाही, या किडनीला नाही. दुखण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन, आणि जबड्याच्या नसेजवळ बधिरतेचं इंजेक्शन, म्हणजे गॅसही कमी लागेल. स्टेरॉइड? नाही, साखर चढेल. तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चाप वापरता का? डॉक्टरांनी मान हलवली. तो चाप जबडा फार ताणतो, मांजराच्या मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणारी रक्तवाहिनी दबते आणि मांजर आंधळं होऊन जागं झाल्याची उदाहरणं आहेत. ते सिरिंजचा छोटा कापलेला तुकडा वापरतात.

आई बाकावर बसली होती. तिच्या नाश्त्याची वेळ टळून गेली होती. मी पिशवीतून तिचा डबा काढून हातात दिला.

भूल सव्वा तास चालली. अंगाखाली गरम पाण्याची गादी, पंजाला बीपीचा पट्टा, घशात नळी, म्हणजे साफ करतानाचं पाणी फुप्फुसात उतरणार नाही. मांजराला तीस दात असतात. बंड्याचे सात काढले. एक्सरेत दोन दाढांची मुळं धूसर दिसत होती, हाडात विरघळून गेलेली. एकीचं वरून काहीच दिसत नव्हतं.

(पडद्यावर: स्टीलच्या ट्रेमध्ये सात छोटे दात.)

संध्याकाळी तो हलत-डुलत उभा राहिला. कोमट चिकनचं पाणी आधी चाटलं, मग चमचाभर खिमा. रात्री वहीत आईने लिहिलं, 'चाटलं. खाल्लं.'

पुढचा आठवडा सगळ्यात जागता गेला. कारण दाह गेला की इन्सुलिन लागू पडायला लागतं, आणि जुना डोस अचानक जास्त ठरतो. तिसऱ्या दिवशी पहाटे साखर ७४. इन्सुलिन दिलंच नाही, खायला दिलं, डॉक्टरांना फोन केला. डोस दोनवर आला, नंतर दीडवर. मधाची बाटली ओट्यावर काढून ठेवली होती. मांजर लडखडलं, मान टाकली की हिरडीला मध चोळून तसंच दवाखान्यात पळायचं. ती बाटली उघडावी लागली नाही. शेजारच्या काकूंनी पॅरासिटामॉल आणून दिलं, दुखत असेल बिचाऱ्याला म्हणून. त्यांच्या मायेला मी नाही म्हणाले नाही, गोळीला म्हणाले. मांजराला ती एक गोळीही मारू शकते.

दोन आठवड्यांनी रक्त तपासलं. क्रिएटिनिन २.५. जवळजवळ जिथे होतं तिथेच.

(पडद्यावर: संध्याकाळचे सहा. तवा, पुरचुंडी. बंड्या पाटावर बसलेला.)

आता वहीत दोन रकाने आहेत. आई आधी स्वतःच्या बोटाला टोचते, मग त्याच्या कानाला. आज तिची १४६, त्याची १८१. ती लाल टोपणाची सिरिंज घेते, मी स्टीलचा डबा उघडते. बंड्या वाटीत तोंड घालतो, आणि डोकं सरळ ठेवून खातो.