शेंड्याचं स्थळ

(दृश्य : डोंबिवली, सकाळचे साडेसात. स्वयंपाकघर. कुकरची शिट्टी ऐकू येते. गॅसवर फक्त चहाचं पातेलं.)

ही शिट्टी कुकरची नाही. शेंड्याची आहे.

शेंड्या म्हणजे कॉकाटील, पोपटाच्या भाईबंदांतला छोटा पाळीव पक्षी. करडं अंग, पिवळं तोंड, दोन्ही गालांवर शेंदराचं बोट टेकवल्यासारखे ठिपके आणि डोक्यावर तुरा. तुरा ताठ उभा राहिला की समजायचं, दचकलाय. डोक्याला चिकटला की चिडलाय. अर्धवट खाली असला की स्वारी खुशीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो या घरात आला. मुलगा तेव्हा आठवीत, शाळा मोबाइलवर, खाली खेळायला जायची सोय नाही. घरात काहीतरी जिवंत असू दे, म्हणून बाबा घेऊन आले.

आता मुलगा सांगलीला होस्टेलवर आहे. बाबा सकाळी आठला जातात, रात्री नऊला येतात. उरल्या काकू, म्हणजे मुलाची आई, आणि काकूंना दम्याचा त्रास आहे.

(दृश्य : काळ्या टीव्हीवरून बोट फिरतं. बोटाला पांढरी पूड.)

ही धूळ नाही. कॉकाटीलच्या पिसांमधून अशी बारीक पूड सतत झडत असते, ती त्या जातीचीच रीत आहे. निरोगी छातीला तिचं फारसं काही वाटत नाही. काकूंची छाती तशी नाही. दोन वर्षं त्या खोकत राहिल्या आणि डॉक्टरांना पक्ष्याबद्दल काही बोलल्या नाहीत. शेवटी मुलानेच सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, पक्षी घरात नको.

पक्षी 'नकोसा' होतो तो नेहमी हौस फिटली म्हणून होतो असं नाही. तशी माणसंही पाहिलीत, नाही असं नाही. पण बदली होते, बाळ येतं, म्हातारं माणूस जातं, घरमालक नाही म्हणतो. प्रश्न त्यानंतरचा असतो. आता याला द्यायचं कुणाला?

काकूंच्या दिरांकडे उत्तर तयार होतं. "वहिनी, खिडकी उघडा. जाईल उडून. पुण्य लागेल."

कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, कोरड्या माळावर थव्याने हिंडणारा. पण शेंड्याने ऑस्ट्रेलिया पाहिलेली नाही, त्याच्या आईबापांनीही नाही. हे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच पैदा होतात. दाणे वाटीत असतात एवढं त्याला ठाऊक आहे. ते गवताला लागतात, हे नाही. घार दिसली तर काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नाही. आमच्या इमारतीत गेल्या पावसाळ्यात वॉचमनने चपलेच्या खोक्यातून एक निळा बजी, म्हणजे चिमुकला पाळीव पोपट, आणून दिला होता. कावळ्यांनी डोकं फोडलं होतं. कुणाचा, ते कळलंच नाही. रात्री गेला. कुणीतरी त्याचं पुण्य कमावलं असणार.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. सोसायटीचा ग्रुप.)

मग काकूंनी ग्रुपवर टाकलं : 'पक्षी फ्री देणे आहे, पिंजऱ्यासकट.' दुपारपर्यंत नऊ फोन. एकाला जोडी लावायची होती, "नर आहे ना, मग उद्याच नेतो." एकीच्या मुलीचा रविवारी वाढदिवस होता. एकाला कॅफेच्या काउंटरवर ठेवायला हवा होता. दोघांनी विचारलं, बोलतो का? एकाने फक्त पिंजऱ्याची मापं विचारली. तो खातो काय, हे नऊपैकी एकानेही विचारलं नाही.

'फ्री' या शब्दाचीच ही करामत. फुकट मिळालेला पक्षी आठवड्यात बाजारात उभा राहू शकतो. शेंड्या न्यायला येणारे शेंडीच लावून जातील, असं मी काकूंना म्हटलं आणि तो मेसेज काढायला लावला. मी म्हणत होतो, थोडे पैसे सांगा. काकूंना पटेना. "पैसे घेऊन द्यायला तो काय जुना फ्रिज आहे?" शेवटी तोडगा निघाला : जो नेईल त्याने आधी पक्ष्यांच्या डॉक्टरकडची तपासणी स्वतःच्या खर्चाने करून घ्यायची. एवढ्यानेच निम्मे गळाले.

दुकानात परत द्यायचा विचारही झाला. पण तिथे तो दहा पक्ष्यांत बसणार, त्यांची दुखणी घेणार, आणि पहिल्या गिऱ्हाइकाबरोबर जाणार. ते गिऱ्हाईक कोण, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

दुसरा मेसेज मुलाने लिहिला. वय पाच, वजन ९२ ग्रॅम, नर. का देतोय, ते खरं खरं. आणि खोडीही लपवली नाही : रात्री अंधारात मध्येच दचकून पिंजऱ्यात आपटतो, मंद दिवा लागतो.

(दृश्य : तळमजल्याची गॅलरी. गोल पिंजरा, हिरवा पोपट, पेरूची फोड.)

त्या मेसेजला एक भलतंच उत्तर आलं. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "आमच्या मिठूलाही बघाल का कुणीतरी? माझ्याने आता होत नाही."

इथे थांबावं लागतं. मिठू कॉकाटील नाही. गळ्याभोवती गुलाबी-काळं कडं असलेला हा आपला रानातला पोपट. झाडाच्या ढोलीतून पिल्लू काढायचं, पंख छाटायचे आणि विकायचं, हा जुना धंदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळता येत नाही, विकता येत नाही, आणि बक्षीसही देता येत नाही. कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून तो दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. मुनिया, पहाडी मैना यांनाही घरच्या पिंजऱ्यात जागा नाही. म्हणजे मिठूसाठी कितीही प्रेमळ घर सापडलं तरी तो रस्ता नाही. रस्ता वनविभागाचा. महाराष्ट्रात १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. पक्षी त्यांच्या ताब्यात द्यायचा, मग त्याला उडता येतं का, रानात तगेल का, ते जाणकार ठरवतात.

मराठीत फसलेल्या माणसाचा पोपट होतो. इथे खुद्द पोपटाचाच झालेला. आजोबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चोवीस वर्षं आहे रे तो माझ्याकडे." मी दोनदा आठवण केली. फोन अजून केलेला नाही.

(दृश्य : बदलापूर. जिना. दारावर 'आधी पंखा बघा' अशी चिठ्ठी.)

बदलापूरच्या बाईंचा फोन आला तो शनिवारी. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा सतरा वर्षांचा कॉकाटील गेल्या वर्षी म्हातारपणाने गेला. त्यांचा पहिला प्रश्न : "रात्री दचकतो म्हणता, तर पिंजरा खिडकीशी आहे का? रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे पडतात का त्याच्यावर?"

काकूंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे स्थळ बरं वाटतंय."

तरीही घर बघायला गेलो. आपल्याकडे घरात मोकळ्या सोडलेल्या पक्ष्याचा पहिला वैरी मांजर नव्हे, छताचा पंखा. बाईंच्या हॉलमध्ये पंख्याच्या बटणावर लाल चिकटपट्टी होती, आल्यागेल्याने चुकून लावू नये म्हणून. पक्षी जाऊन वर्ष झालं तरी ती काढलेली नव्हती. खिडक्यांना जाळी. स्वयंपाकघरात लोखंडी तवा, बिडाची कढई. नॉनस्टिकचा एक डोशाचा तवा होता तो भाचीला देऊन टाकलेला. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं की त्याच्या लेपातून जो वायू निघतो त्याने पक्षी काही मिनिटांत मरतो. माणसाला वासही येत नाही कधीकधी. देवघरात निरांजन होतं, उदबत्ती गॅलरीत. "देवाला तक्रार नाही," बाई म्हणाल्या.

एक प्रश्न विचारायला जीभ रेटत नव्हती. कॉकाटील नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. शेंड्या पाच वर्षांचा, बाई बासष्टच्या. मी चाचरत सुरुवात केली तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "माझ्यानंतर कोण, हेच ना? भाची वरच्या मजल्यावर राहते. मागच्यालाही मी गावी गेले की तीच बघायची. बोलाव तिला, विचार."

हा प्रश्न मोठ्या पोपटांच्या बाबतीत तर टाळताच येत नाही. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगतो. पन्नाशीत हौसेने आणलेला ग्रे मालकाच्या तेराव्यालाही ओरडत असतो, आणि घरातले एकमेकांकडे बघत असतात. त्याची कागदपत्रंही वेगळी. साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात ग्रे २०१७ पासून सगळ्यात कडक यादीत आहे. आपल्याकडे २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद लागते, आणि पक्षी दुसऱ्याला दिला तर तेही कळवावं लागतं. बजी, कॉकाटील आणि पीच तोंडाचा नेहमीचा लव्हबर्ड साइट्सच्या याद्यांत नाहीत, म्हणून काकू त्या कागदांतून सुटल्या. स्वतःचा एक कागद मात्र त्यांनी केला. पंधरा दिवस जमतंय का बघायचं. जमलं नाही तर शेंड्या आधी काकूंकडे परत, परस्पर तिसऱ्याला नाही. दोघींनी सह्या केल्या. काकूंनी तारीखही तिथीसकट घातली.

(दृश्य : वहीची दोन पानं, मुलाचं अक्षर.)

मुलगा एका रात्रीपुरता आला आणि हे लिहून गेला :

'लाल टॉवेल दाखवू नका. राळे रोज, सूर्यफुलाच्या बिया मागेल, दोनच द्या, चरबी चढते. समुद्रफेस उजव्या बाजूला बांधा, डावीकडचं खात नाही. कोथिंबीर ओली करून टांगा, तो तिच्यात आंघोळ करतो. मान खाजवताना पिसांच्या उलट दिशेने. घरात कुणी रागावून बोललं की शिट्टी वाजवतो. तेव्हा हसू नका, सवय लागते.'

मंगळवारी दुपारी काकूंच्या भावाच्या गाडीतून निघालो. छोटा डबा, त्यात त्याचीच जुनी काठी. पाण्याची वाटी हिंदकळते म्हणून काकडीच्या दोन फोडी. वरून काकूंच्या जुन्या साडीचा तुकडा, एक बाजू उघडी. काकू आल्या नाहीत. डॉक्टरांनी मनाई केली होती असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी गाडीत बसायला मनाई केलेली नव्हती.

(दृश्य : स्वयंपाकघरातला वजनकाटा. काट्यावर काठी, काठीवर शेंड्या. तुरा ताठ.)

पक्षी दुखणं लपवतो. रानात जो आजारी दिसतो तोच आधी उचलला जातो, म्हणून चेहऱ्यावरून काही कळत नाही. काटा मात्र खोटं बोलत नाही. बाई रोज सकाळी, त्याने काही खाण्याआधी, आकडा पाठवत. पहिल्या दिवशी ९२. मग ९०. तिसऱ्या दिवशी ८८. नव्या घरात थोडं उतरणारच, पण एक दशांश गेलं तर थेट डॉक्टर. म्हणजे ८३ च्या खाली जाऊ द्यायचं नव्हतं. चौथ्या दिवशी ८७. त्या दिवशी काकूंनी मला पाच फोन केले. पाचव्या दिवशीही ८७. सहाव्याला ८९, आणि खाली बाईंचं एक वाक्य : 'कोथिंबिरीत लोळला.'

अकराव्या दिवशी आकड्याचा मेसेज आलाच नाही. बाईंनी स्वतःच फोन केला. आवाजात राग आणि हसू, दोन्ही.

"९१ आहे. पण मला आधी सांगायचं नाही का? वरण लावलं होतं. तीन शिट्ट्या मोजल्या, गॅस बंद केला. झाकण काढलं तर डाळ कच्ची. यातल्या कुकरच्या किती आणि याच्या किती, काकूंना विचारून सांग."

काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याची शेवटी जरा वर जाते. त्यांना म्हणावं, पाच मोजा."