डिस्चार्जनंतरचे पहिले पंधरा दिवस

अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना 'सेवाभावी' असा शब्द वापरला. मी 31 वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. त्याचा पगार घेतला, आता पेन्शन घेते. सेवाभावाला माझी ना नाही, पण पहिल्या दिवशी वॉर्डात उभी राहिले तेव्हा भाव माझ्याकडे भरपूर होता आणि पेशंटची कूस कशी बदलायची ते ठाऊक नव्हतं. शिकवलं, हातावर चापट्या बसल्या, तेव्हा आलं. घरी पेशंट सांभाळणाऱ्या तुम्हाला मात्र कुणी शिकवतच नाही. बिल भरून होतं, डिस्चार्ज कार्ड हातात पडतं, वॉर्डातले मामा व्हीलचेअर गाडीपर्यंत आणून सोडतात आणि सगळे म्हणतात, "काळजी घ्या हं." कशी घ्यायची? तेवढंच बोलायला मी आज आले आहे.

उदाहरण माझ्याच घरचं देते. सासूबाई 82 वर्षांच्या होत्या. रात्री दोनला बाथरूमला निघाल्या, दिवा लावला नाही, आमची झोप मोडेल म्हणून. ओल्या लादीवर पाय सरकला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदलला, सहाव्या दिवशी घरी. सगळे शेजारी म्हणाले, तुम्हाला काय, घरातच नर्स आहे! मलाही तसंच वाटत होतं.

दवाखाना सोडण्याआधी एक काम करा. फिजिओथेरपिस्टला थांबवा आणि म्हणा, "आम्हाला करून दाखवा. मग आम्ही करतो, तुम्ही बघा." मोबाइलवर चित्रण करून ठेवा. घरी जो खरोखर उठवणार आहे त्यानं हे शिकायचं, जो बिल भरतो त्यानं नव्हे. बहुतेक घरांत ही दोन माणसं वेगळी असतात.

माणूस उठवताना आपण काय करतो? समोर उभं राहून दोन्ही हात धरतो आणि ओढतो. किंवा काखेत हात घालून उचलतो. त्यांचा खांदा दुखावतो आणि आपली कंबर जाते. त्याऐवजी आधी कुशीवर वळवा. ऑपरेशन झालं असेल तर कुठल्या कुशीवर, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. मग दोन्ही पाय पलंगाच्या काठाखाली सोडा आणि त्याच वेळी खांद्याखाली हात घालून वर आणा. पाय खाली जातात तसं अंग आपसूक वर येतं. आता थांबा. मिनिटभर काठावर बसू द्या, कारण झोपून एकदम उभं राहिलं की म्हाताऱ्या माणसाचं ब्लडप्रेशर उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दुसऱ्यांदा पडणं होतं ते इथं. पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली हवीत. कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधा आणि धरायचं ते त्या पट्टीला. तुमचे गुडघे वाकलेले, पाठ सरळ. "एक, दोन, तीन" म्हणा, आणि तीनला त्यांनाही जोर लावू द्या. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अगं, मला उभं राहायला शिकवतेस होय?" चौथ्या दिवशी आकडे त्याच मोजायला लागल्या.

खुब्याच्या ऑपरेशननंतर मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. म्हणजे भारतीय संडास बंद, खाली बसून जेवण बंद आणि तुमचा तो मऊ, बुटका सोफाही बंद. हाताची, उंच, टणक खुर्ची आणा. कमोडची खुर्ची लाजेपोटी आणत नाहीत आणि रात्री बाथरूमपर्यंत चालवत नेतात. आणा. बाथरूममध्ये भिंतीला दांडी बसवा, ती विटेत पक्की बसलेली हवी. टॉवेलच्या दांडीला धरून पडलेले कितीतरी पेशंट मी पाहिलेत. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर एक बारीक दिवा. काठी असेल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. सिनेमात सगळे उलट धरतात.

आता माझी चूक सांगते. मी दर दोन तासांनी कूस बदलत होते. पाठ आणि माकडहाड रोज बघत होते. डिसेंबर होता, साताऱ्याची थंडी, म्हणून पायांत लोकरीचे मोजे घातले होते. दहाव्या दिवशी अंग पुसताना मोजे काढले तर डाव्या टाचेवर जांभळाएवढा काळसर डाग, वर फोड आलेला. 31 वर्षं दुसऱ्यांच्या टाचा तपासल्या आणि घरातली राहिली. ती जखम भरायला अडीच महिने लागले. खुबा त्याच्या आधी बरा झाला!

म्हणून टाच, घोटा, कंबरेची हाडं, कोपर, कानामागं, सगळं रोज उजेडात बघायचं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तेव्हा हात लावून बघा. जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, टणक लागते का? लाल जागा बोटानं दाबून सोडली आणि ती फिकी न होता तशीच लाल राहिली, तर बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, सुरू झाला समजा. तिथं तेल लावून चोळू नका. प्रेमानं चोळतात आणि आतलं मांस आणखी दुखावतं. रबरी रिंगवर बसवू नका, तिच्या कडेनं रक्त अडतं. पोटरीखाली उशी ठेवा म्हणजे टाच अधांतरी राहते. एअर बेड जरूर घ्या, भाड्यानंही मिळतो, पण तो आणला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. वर सरकवताना माणसाला फरफटवू नका. अंगाखाली आडवी चादर घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी ती उचलून सरकवा.

औषधांचं थोडक्यात. घरी आल्यावर जुन्या डब्यातल्या गोळ्या आणि कार्डावरच्या नव्या गोळ्या समोरासमोर ठेवा. पाकिटावरचं मोठं नाव कंपनीचं असतं, औषधाचं नाव खाली बारीक अक्षरात. माझ्या मावससासऱ्यांना ब्लडप्रेशरची एकच गोळी दोन नावांनी आठवडाभर चालू होती. चक्कर येते म्हणून त्यांना तिसरी गोळी सुरू करणार होते! सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटण्याआधी विचारा. काही गोळ्या पोटात सावकाश विरघळायच्या असतात, त्या कुटून चालत नाहीत. आणि जेवण निम्म्यावर आलं असेल तर मधुमेहाच्या गोळीचं डॉक्टरांना लगेच कळवा, नाहीतर साखर भलतीच खाली जाते.

भरवताना ताठ बसवा आणि नंतर अर्धा तास बसूनच ठेवा. अर्धांगवायूच्या पेशंटला आसट भातापेक्षा पातळ पाणी जास्त ठसकवतं. पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओला येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि एक वही करा. 200 पानी, साधी. किती खाल्लं, लघवी किती वेळा, शौचाला झालं का, औषध कुणी दिलं, रात्री झोप कशी. डॉक्टर विचारतात, "कधीपासून?" आणि आपण म्हणतो, "झाले असतील दोन-तीन दिवस." त्या उत्तरावर त्यांनी काय करावं? बाराव्या रात्री सासूबाई मला म्हणाल्या, "दादा दारात उभा आहे, त्याला पाणी दे." दादा म्हणजे त्यांचे भाऊ, जाऊन वीस वर्षं झाली होती. दीर फोनवर म्हणाले, "वय झालंय वहिनी, असं होणारच." मी वही काढली. दोन दिवसांत लघवी कमी, रंग गडद, पाणी जेमतेम चार पेले. आम्हाला सारखं उठवायला नको म्हणून त्यांनी पाणीच तोडलं होतं. तपासलं तर लघवीचा जंतुसंसर्ग. औषध सुरू झालं आणि चौथ्या दिवशी त्या मला भाजीत मीठ कमी म्हणून बोलल्या. कालपर्यंत धड बोलणारं माणूस आज बरळायला लागलं तर वयावर ढकलू नका. लघवी, साखर, रक्तातलं सोडियम, पोट साफ नसणं, नवी झोपेची गोळी, यातलं काहीतरी असू शकतं. त्याच दिवशी दाखवा. पाणी दिवसभर थोडं थोडं द्या आणि संध्याकाळनंतर कमी करा.

कागदपत्रांवर मी फार बोलणार नाही. सही करता येत नसली तरी बँकेत अंगठ्यावर पैसे मिळतात. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनही देता येतो. मुखत्यारपत्र केलं की सगळं झालं असं समजू नका, माणसाचं भान गेलं की ते चालत नाही. म्हणून भान आहे तोवर खातं जोडनावानं करा. 70 वर्षांवरच्यांना 2024 पासून आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, ते दाखल झाल्यावर. डायपर आणि पेशंट सांभाळायला ब्युरोकडून येणारी बाई त्यात येत नाही, आणि महिन्याचा खरा खर्च तोच असतो. अडचणीत बोलायला 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

शेवटचं भावंडांबद्दल. लांबचा मुलगा रविवारी फोन करतो आणि विचारतो, "दुसऱ्या डॉक्टरला का नाही दाखवलं?" त्याच्यावर चिडू नका, त्याला वहीचे फोटो रोज पाठवा. आमच्या दिरांना मी ते सुरू केलं आणि महिनाभरात त्यांचे प्रश्न बंद झाले. पुढं मे महिन्यात ते आठ दिवस येऊन राहिले, आईला त्यांनी स्वतः उठवलं, पुसलं, आणि मी माहेरी चिपळूणला जाऊन नुसती झोपले. पैसे पाठवले तरी चालतात, पण असे आठ दिवस मागून घ्या. जी रोज करते तिला विचारायचंही कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ती बहुधा सूनच असते.

आता ते मागचं बाकडं पुढं आणा आणि एका काकांनी त्यावर आडवं व्हा. चादर मी आणली आहे. कूस बदलून दाखवते, मग एकेकानं करायचं. नाही, ताई, तुम्ही बसा. तुमच्या शेजारचे साहेब येऊ देत.