झाडाखालची उघडी जमीन

कोल्हापूर शहरात गगनबावड्याइतका पाऊस पडत नसला, तरी जुलै महिन्यात ताराबाई पार्कातील एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात उभे राहिल्यास त्याच्या माऱ्याचा अंदाज येतो. आंब्याच्या दाट सावलीत गवत टिकत नाही, त्यामुळे खालची जमीन उघडी राहते. पानांवरून ओघळणारे टपोरे थेंब तिच्यावर आदळतात आणि भिंतीचा खालचा हातभर भाग चिखलाच्या शिंतोड्यांनी रंगतो. भिंतीवर चढलेली ही माती बागेतल्या सर्वांत सुपीक थरातली असते. थेंबांच्या आघाताने ढेकळे फुटतात, सुटलेल्या बारीक कणांनी मातीची छिद्रे बुजतात, वर खपली धरते आणि पुढच्या सरीचे पाणी मुरण्याऐवजी गटाराकडे धावते.

पंचगंगेच्या खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते आणि वाळताना आकसते. म्हणून उन्हाळ्यात याच जागेवर भेगा पडतात आणि झाडांची बारीक मुळे तुटतात. अनेक घरांनी यावर पेव्हिंग ब्लॉकचा उपाय केला आहे. त्याने चिखल थांबतो हे खरे, पण पाण्याचे मुरणेही बरेचसे थांबते आणि आवार तापू लागते. आमच्या मते हा उपाय दुखण्याहून जड आहे.

उघडी माती झाकण्याचे काम जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती अधिक शहाणपणाने करतात. त्यांची पाने थेंबांचा मारा झेलतात, मुळे माती धरून ठेवतात आणि सावलीमुळे बाष्पीभवन कमी होऊन तणांच्या बियांना उगवण्यापुरता उजेड मिळत नाही. मात्र निवड उन्हाचा आणि ओलाव्याचा अंदाज घेऊनच करावी लागते. आंब्याखालच्या सावलीत स्पायडर प्लांट चांगला तग धरतो. नळाजवळच्या ओलसर, अर्धवट सावलीच्या कोपऱ्यात मंडूकपर्णी धावत्या खोडांनी पसरते, पण उन्हाळ्यात तिला पाणी चुकवून चालत नाही. पाणी साचणाऱ्या उन्हाच्या जागेला जलब्राह्मी मानवते. चिनी गुलाबाची फुले कडक उन्हात खुलतात खरी, पण काळ्या मातीत पावसाळाभर पाणी तुंबले की तो सडतो, म्हणून त्याला उंच वाफ्याची कड द्यावी.

घरगुती बागेसाठी आमची पहिली पसंती पिंटो शेंगदाण्याला आहे. मूळ ब्राझीलचे हे रोप भुईमुगाच्या कुळातले असून मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र स्थिर करते. त्याला पिवळी फुले येतात, ते ऊन आणि विरळ सावली दोन्ही सोसते आणि लॉनसारखी वारंवार कापणी मागत नाही.

तशाच पिवळ्या फुलांची वेडेलिया मात्र टाळलेली बरी. उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली ही वनस्पती जगातील 100 सर्वांत त्रासदायक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. तिच्या खोडाच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात. छाटणीचा कचरा जयंती नाल्याच्या काठी टाकला, तर तेथेही ती सहज रुजेल.

लागवडीआधी लव्हाळा या चिवट तणाचा बंदोबस्त करणे अटळ आहे. वरवर खुरपल्याने त्याच्या जमिनीतील गाठी तशाच राहतात, म्हणून मे महिन्यात जमीन खोल खणून त्या वेचून काढाव्यात. जूनच्या पहिल्या पावसानंतर वापसा येताच, म्हणजे माती ओलसर पण चिखल न होणारी झाली की, कुजलेले शेणखत मिसळून 20 सेंटिमीटर अंतरावर रोपे लावावीत. या अंतराने एका चौरस मीटरला 25 रोपे लागतात. ती एकमेकांना भिडेपर्यंत मधल्या जागेत उसाचे पाचट पातळ अंथरावे, कारण या जिल्ह्यात त्याची वानवा नाही. झाडाच्या बुंध्याभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर सतत ओलावा राहून साल कुजते.

दाट हिरवाईत पावसाळ्यात शंखी गोगलगायी आश्रय घेतात. त्यांच्यासाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरावे, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकून नष्ट कराव्यात. हे मिठाचे पाणी वाफ्यात ओतू नये.