स्वर म्हणजे स्वर, व्यंजन म्हणजे कण

मघाशी बॅगपाईपचं वादन ऐकवलं, त्यात एक गोष्ट तुमच्या कानाला जाणवली असेल. वादक कुठेच थांबला नाही. त्याला थांबता येतच नाही! स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातलं हे वाद्य. काखेतली पिशवी दाबत राहायची, हवा पत्तीतून वाहतच राहते. सूर तुटत नाही, लहानमोठाही होत नाही. बोटांच्या नळीत सूर मोजून नऊ. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्जापासून तार षड्जापर्यंत, निषाद कोमल, आणि खाली मंद्रातला कोमल निषाद आणखी एक. म्हणजे सरळ खमाज थाट. खांद्यावरच्या तीन नळ्या नुसता षड्ज धरून असतात, दोन एक सप्तक खाली आणि तिसरी दोन सप्तकं. सनईवाल्याशेजारी सूर धरून बसणारा साथीदार इथे खांद्यावरच चढून बसलाय म्हणा.

आता सा नंतर पुन्हा सा वाजवायचा असेल तर? सनईवाला जिभेने तोडेल. इथे पत्ती तोंडात नसते. मग मधे दुसऱ्या सुराचा निमिषभर कण टाकायचा, दुसरा इलाज नाही. आपल्याकडे कण ही शोभा, इथे ती गरज. आघात, ठहराव, दोन सुरांमधली फट, सगळं कणांनीच भासवायचं. पीब्रोख हा त्यांचा भारदस्त प्रकार. त्यात मूळ चालीला 'उर्लर' म्हणतात, म्हणजे भुई. तिच्यावर कणांचे थर चढत जातात आणि शेवटी वादक पुन्हा भुईवर उतरतो.

हे लिहायचं कसं? जोसेफ मॅकडोनाल्ड या तरुणाने 1760 मध्ये, हिंदुस्थानच्या वाटेवर जहाजात असताना, पाश्चात्त्य पाच रेघांवर ते मांडलं. पुस्तक छापून आलं 1803 मध्ये. आजच्या छापील पद्धतीत मुख्य सुरांच्या दांड्या खाली आणि कणांच्या चिमुकल्या दांड्या वर. लिहिलेला 'ए', म्हणजे आपला हा षड्ज, प्रत्यक्षात त्याच्या अर्धा सूर वरच्या बी फ्लॅटच्याही जरा वर वाजतो. पियानोवाल्यांनी जवळ न बसलेलं बरं.

पण उस्ताद शिकवायचे ते तोंडाने, गाऊन. कॉलिन कॅम्पबेल या बॅगपाईपवादकाने 1797 मध्ये रेघा न ओढता नुसत्या अक्षरांत चाली उतरवल्या. त्याच्या पद्धतीत 'एन' म्हणजे षड्ज. त्यावर वरच्या कोमल निषादाचा कण दिला की 'हिन'. तसाच कण घेऊन गंधार 'हो', मध्यम 'हा'. तबल्याचा बोल आघात सांगतो, इथला बोल सूरही सांगतो. गंमत बघा, मराठीत 'आ', 'इ', 'ओ' या अक्षरांना आपण स्वरच म्हणतो! मुख्य सूर स्वरात, कण व्यंजनात. नियम अगदी काटेकोर नाही. ऋषभ आणि गंधार दोघांनाही 'ओ'च मिळालाय, तिथे आधीचं अक्षर सावरून घेतं: ऋषभाचा 'हिओ', गंधाराचा 'हो'.

पाच रेघांवर कण दिसतो ठिपक्यासारखा, सुरापासून सुटा. 'हिन' म्हणताना तो सुटा काढून दाखवा पाहू. हार्मोनियमवाल्या ताई, काळी एकचा सा द्या. म्हणा माझ्याबरोबर: हिन, हो, हा... हिन.