सीरियल पोर्ट गेला, यंत्रे मात्र चालू आहेत

श्रोतेहो, नमस्कार. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत एखाद्या जुन्या सीएनसी लेथजवळ, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथजवळ गेलात, तर त्याला चालवणाऱ्या कंट्रोलरच्या कडेला पंचवीस पिनांचा एक रुंद सॉकेट दिसेल. हा सीरियल पोर्ट, म्हणजे माहिती एकेक बिट करून पाठवणारी जुनी जोडणी. प्रोग्रॅम त्यातूनच यंत्रात जातात. यंत्र अजून चोख काम देते, पण त्याला जोडता येईल असा सीरियल पोर्ट असलेला संगणक आता सहजी मिळत नाही.

या जोडणीमागचे आरएस-२३२ हे मानक १९६० साली अमेरिकेत ठरले. पुढे १९९६च्या जानेवारीत यूएसबी आले. एकाच जोडणीतून वीजही मिळावी, संगणक बंद न करता उपकरण लावता-काढता यावे आणि प्रत्येक वस्तूसाठी वेगळे पोर्ट लागू नये, ही सोय मोठीच होती. ऑगस्ट १९९८ मध्ये ॲपलचा आयमॅक जुनी पोर्टे वगळूनच बाजारात आला आणि पुढच्या काही वर्षांत लॅपटॉपवरून सीरियल पोर्ट आणि मुख्यतः प्रिंटरसाठी असलेले पॅरलल पोर्ट नाहीसे झाले. घरच्या संगणकाचे यात काही बिघडले नाही.

बिघडले ते कारखान्यात. जुन्या कंट्रोलरची मेमरी इतकी अपुरी असते, की मोठा प्रोग्रॅम काम सुरू असतानाच तुकड्यातुकड्यांनी पाठवावा लागतो. जागा भरली की कंट्रोलर 'थांब' असा संकेत देतो. संगणकाच्या स्वतःच्या पोर्टवर तो बहुधा वेळेत पाळला जातो, पण यूएसबीच्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये आधीच साठलेली अक्षरे संकेतानंतरही पुढे जात राहतात आणि एखादे गळते. गळलेले अक्षर दशांशचिन्ह असेल, तर कापणारे टूल भलत्याच जागी जाते, आणि जॉब, म्हणजे घडवला जाणारा भागच नव्हे, कधी कधी तो धरून ठेवणारा चकही जातो. कन्व्हर्टर म्हणजे पोर्टच, असे मानणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते. पॅरलल पोर्टचे तर याहून अवघड आहे, कारण त्याच्या नावाने विकली जाणारी यूएसबी केबल बहुधा फक्त प्रिंटर चालवते. सॉफ्टवेअरच्या परवान्याची जुनी डोंगल, म्हणजे पोर्टला लावायची किल्लीसारखी वस्तू, तिच्यावर चालत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो महागही नाही. आजच्याही अनेक डेस्कटॉप मदरबोर्डवर 'कॉम' असे लिहिलेल्या पिना असतात. त्यांना साधी पट्टी जोडली की खरा सीरियल पोर्ट मिळतो. पिना नसतील, तर पीसीआय एक्स्प्रेसचे सीरियल कार्ड बसवावे. केबल लावताना मात्र दोन्ही यंत्रे बंद ठेवावीत आणि अर्थिंग एकच असल्याची खात्री करावी, कारण चार्जरवरच्या लॅपटॉपमधून येणारा गळतीचा विद्युतदाब कंट्रोलरचा पोर्ट जाळू शकतो.

माझी कळकळीची विनंती आणखी एका गोष्टीसाठी आहे. अनेक जुन्या कंट्रोलरची पॅरामीटर, म्हणजे यंत्र कसे चालावे हे ठरवणारी मूल्ये, बॅटरीवर टिकून असतात. बॅटरी संपली की ती पुसली जातात आणि चांगले यंत्र जागच्या जागी अडून बसते. सीरियल पोर्ट असलेला शेवटचा संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याच्यावरून ही पॅरामीटर उतरवून दोन ठिकाणी ठेवावीत. सोबत जोडणीची मांडणीही, म्हणजे ४८०० बॉडचा वेग, सात बिट, सम पॅरिटी, दोन स्टॉप बिट असे जे काही त्या यंत्राचे असेल ते, पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवावे.