शेवटून पहिला

नमस्कार. तुम्ही सगळे आपापल्या वॉर्डात, सोसायटीत किंवा गावात लोकांना फुकट चालायला न्यायचं ठरवून आला आहात. तेव्हा चालण्याचे फायदे सांगण्यात वेळ घालवायला नको.

स्वयंसेवकांनी चालवायच्या अशा गटांची एक पद्धत इंग्लंडमध्ये बसली. ऑक्सफर्डशायरमधल्या सॉनिंग कॉमन इथे विल्यम बर्ड या डॉक्टरांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर आपल्या रुग्णांसाठी असं चालणं सुरू केलं आणि २०००मध्ये त्यातूनच 'वॉकिंग फॉर हेल्थ' ही देशव्यापी योजना उभी राहिली. चालणं छोटं, मोफत, आणि कालपर्यंत न चालणाऱ्यासाठी. अशा गटाला दोन माणसं लागतात, एक पुढे आणि एक अगदी शेवटी. आपल्याकडे पुढचा लगेच मिळतो. शेवटचा कोणी नेमतच नाही, आणि गट मोडतो तो तिथेच.

कसा, ते बघा. पुढचा बहुधा तंदुरुस्त असतो, त्याचा वेग ताशी पाच किलोमीटर. गुडघे दुखणाऱ्या बाईंचा जेमतेम तीन. अर्ध्या तासात दोघांत एक किलोमीटरचं अंतर पडतं. पुढचे वळणावर थांबतात, बाई धापा टाकत पोचतात, आणि त्या पोचल्या की विसावलेले पुढचे लगेच निघतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज, त्यांनाच ती मिळत नाही. तिसऱ्या दिवशी बाई येत नाहीत. दोन महिन्यांनी गटात उरतात ते, जे गट नसता तरी चालले असते.

म्हणून शेवटी चालणारा आधी नेमा आणि वेग त्याला ठरवू द्या. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. थांबल्यावर मागचे आले की आणखी दोन मिनिटं थांबायचं. माणसं पंधराच्या वर गेली तर मधे तिसरा स्वयंसेवक हवा. निघताना डोकी मोजा, परतल्यावर पुन्हा मोजा. पहिली पाच मिनिटं सगळ्यांनीच सावकाश. पुढे वेगाची कसोटी सोपी आहे: बोलता यावं, गाता येऊ नये. बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला.

रस्ता आधी स्वतः चालून बघा, आणि ज्या वेळी गट निघणार त्याच वेळी बघा. दुपारी रिकामा दिसणारा रस्ता सकाळी सातला शाळेच्या बसनी भरलेला असतो. नव्यांसाठी दीड किलोमीटर पुष्कळ. वाट गोल असावी आणि मधून घरी वळायला आडवाट असावी, म्हणजे थकलेल्याला लाज न वाटता सुटता येतं. बसायला बाक किंवा कट्टे कुठे आहेत, फुटपाथ कुठे उंच आहे, भटकी कुत्री कुठे असतात, पावसाळ्यात कुठल्या पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, हे कागदावर लिहा. आणि स्वच्छतागृह! वाटेत ते नसेल तर अनेक बायका कारण न सांगता येणं बंद करतात. आपण मात्र म्हणतो, 'त्यांना आवड नाही.' फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं, एकामागे एक चाला. उन्हाळ्यात लवकर निघा. हिवाळ्यात शहरात मात्र थोडं उशिरा, कारण थंड हवेत धूर पहाटे जमिनीलगतच साचून राहतो.

नाव नोंदवताना घरच्यांचा फोन, चालू औषधं आणि छातीत दुखतं का, चक्कर येते का, एवढं विचाराच. दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग चालणं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा माणूस ती घेऊन उपाशीपोटी चालला तर साखर उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं ही खूण. लगेच बसवा आणि तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बिस्किटं नकोत, त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा. छातीत दुखलं तरी तेच: जागीच बसवा, १०८ लावा, घरापर्यंत चालवत नेऊ नका. एक लाडका सल्ला आहे, गवतावर अनवाणी चालण्याचा. मधुमेहाने तळपायाची संवेदना गेली असेल तर काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. पट्टा असलेली सँडल चालेल, सपाता नकोत. औषध बदलायचा सल्ला आपण द्यायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी.

रोज दहा हजार पावलं चालायला हवीत असं म्हणाल तर तो आकडा १९६५च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते. नव्याने आलेल्याला दहा मिनिटांपासून सुरुवात करू द्या.

वार आणि वेळ बदलू नका. दोघंच आले तरी निघा. एकाच स्वयंसेवकावर गट ठेवू नका, त्याच्या घरी लग्न निघालं की महिनाभर सगळं बंद. पावडरी विकणारे आणि फलक लावू पाहणारे पहिल्याच दिवशी परत पाठवा. व्हॉट्सॲप गटावर फक्त वेळ आणि जागा, सुप्रभात नको. आणि सलग दोनदा कोणी आलं नाही तर फोन करा. तो शेवटी चालणाऱ्यानेच करावा, कारण कुणाचा गुडघा कुठल्या चढावर दुखला ते त्यालाच माहीत असतं.