काळ्या खडूखाली बस आहे

(दृश्य: कागदावर सरकणारा लहान हात. आवाज फक्त खडूचा.)

सदाशिव पेठेतली एक बालवाडी. सकाळचे साडेनऊ. सतरंजीवर पंधरा-सोळा पोरं पालथी पडून चित्रं काढताहेत. ताईंनी विषय दिलेला नाही. ‘काय हवं ते काढा’, एवढंच म्हणाल्या.

हा मुलगा साडेचार वर्षांचा. आधी त्यानं एक लांबडा चौकोन काढला. खाली चाकं, एकाच बाजूला सहा. मग खिडक्या. इथपर्यंत बस अगदी ओळखू येत होती. आता बघा. तोंडानं ‘धुर्रर्र’ करत त्यानं काळा खडू उचलला आणि कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. परत फिरवला. परत. दीड मिनिटात खिडक्या गेल्या, चाकं गेली, खडूही मोडला. उरला तो नुसता गिचमिडकाला.

शेजारची मुलगी त्याच्याहून महिनाभरानं लहान. तिच्या कागदावर तळाला एक हिरवी रेघ. रेघेवर घर, घराएवढंच उंच फूल आणि फुलाशेजारी ती स्वतः. दोन वेण्या, फ्रॉकवर ठिपके, हातांना बोटं. एका हाताला सात आहेत, पण आहेत. कोपऱ्यातला सूर्य हसतोय.

साडेअकराला घरची माणसं न्यायला आली. मुलीचा कागद बघून तिची आई म्हणाली, ‘अय्या, किती गोड!’ मुलाच्या आजीनं काळा कागद उलटसुलट करून पाहिला आणि घडी घालून पिशवीत टाकला. ‘मुलगेच ते. एका जागी हात ठरेल तर शपथ.’

(दृश्य: पिशवीत जाणारा कागद.)

आजींच्या बोलण्यात तथ्य आहे. किती आहे, हे मोजून झालंय, आणि त्याला शंभरेक वर्षं झाली. १९२६ साली फ्लोरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधी चाचणी मांडली. मुलाला कागद द्यायचा आणि सांगायचं, माणूस काढ. मग ५१ मुद्दे तपासायचे. डोकं आहे का? हात खांद्यातून निघालेत की मानेतून? बोटं किती? चित्र सुंदर दिसतंय का, याला गुण नव्हते. या बेरजेत मुली त्याच वयाच्या मुलांच्या किंचित पुढे निघायच्या. १९६३ साली डेल हॅरिस यांनी चाचणी सुधारली, मुद्दे ७३ केले, आणि मुलगे-मुलींसाठी वयानुसार गुण ताडायचे तक्ते वेगळे ठेवले. म्हणजे तेच चित्र मुलानं काढलं तर तो आपल्या वयाच्या मुलांत थोडा वर दिसणार, मुलीनं काढलं तर ती तिच्या बरोबरीच्या मुलींत थोडी खाली. आपल्याकडे प्रमिला फाटक यांनी बडोद्यात ही चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली.

फरक आहे, पण किंचित आहे. एकाच वर्गातल्या दोन मुलींच्या चित्रांत याहून मोठं अंतर सहज सापडतं.

आणि वाट तर दोघांची एकच. आधी मुठीत धरलेला खडू, नुसत्या रेघोट्या. तिसऱ्या वर्षाच्या आसपास बंद गोल जमतो. चौकोन साडेचार-पाचच्या सुमारास, त्रिकोण त्यानंतर, आणि पतंगासारखा तिरपा चौकोन सहा-सात वर्षांचं होईपर्यंत भल्याभल्यांना जमत नाही. पहिला माणूस म्हणजे बटाट्याला फुटलेले पाय. धड नाही, पोट नाही, डोक्यातून थेट तंगड्या. बालचित्रांच्या अभ्यासक ऱ्होडा केलॉग यांनी जगभरातून दहा लाखांच्या घरात बालचित्रं जमवली; त्यांना हा बटाटा देशोदेशी भेटला. या वाटेवर बोटांची बारीक हालचाल मुलींना सहसा थोडी आधी साधते. एवढंच.

(दृश्य: दोन्ही कागद शेजारी शेजारी.)

पण मग एक बस काढतो आणि एक फूल काढते, ते का?

जपानमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या चित्रांचा अभ्यास झाला. तिथेही असंच दिसलं. मुलींच्या कागदावर माणसं, फुलं, सूर्य, सगळी जमिनीच्या रेघेवर ओळीनं उभी. मुलांच्या कागदावर वाहनं, गडद रंग, आणि बऱ्याचदा वरून पाहिल्यासारखी मांडणी. २००१ सालच्या त्या अभ्यासात काही मुली अशा होत्या, ज्यांच्या शरीरात एका जन्मजात विकारामुळे जन्माआधीपासून पुरुषी संप्रेरकं जास्त होती. त्यांच्या चित्रांत मुलग्यांच्या चित्रांची ही लक्षणं जास्त आढळली. या मुली मोजक्याच होत्या, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. तरी सगळं आपणच शिकवतो असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

आणि सगळं जन्मतःच असतं म्हणणाऱ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात एक चक्कर मारावी.

(दृश्य: सोसायटीच्या कोपऱ्यातला किल्ला.)

इकडे विटा, दगड, त्यावर भिजवलेलं गोणपाट, वर चिखल. हिरवळीसाठी अळीव पेरलेत. चार पोरं चिखलात गुडघे टेकून वाकलीत. बुरूज कुठे, दरवाजा कुठे, पाण्याचं टाकं कुठे, हा वाद वरून बघतच चाललाय. तिकडे जिन्याशी त्यांच्याच बहिणी रांगोळी घालताहेत. ठिपके मोजायचे, चिमटीतून रांगोळी सोडायची, रेघ जाड झाली की पुसायची. अंगठा आणि तर्जनी. पेन्सिल धरायला लागते ती हीच चिमूट. मी काही संशोधक नाही, पण हा चार दिवसांचा धडा बघितल्यावर कोणाचं बोट आधी ठरणार आणि कोणाला नकाशा आधी दिसणार, हे सांगायला फार अक्कल लागू नये. किल्ल्यावर एखादी मुलगी असतेच म्हणा. तिला बहुतेक वेळा पाणी आणायला पिटाळतात.

तुळशीबागेतल्या खेळण्यांच्या दुकानांतही तेच. ‘कोणासाठी हवंय?’ हा पहिला प्रश्न. मुलगी म्हटलं की भातुकली पुढे येते, मुलगा म्हटलं की गाडी.

(दृश्य: झाडाचं चित्र. पानं तपकिरी.)

एक गोष्ट मात्र सरळसरळ जन्माची. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणं हे मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त, कारण ते एक्स गुणसूत्रावरून येतं. मुलीकडे दुसरं एक्स असतं, ते बहुधा सांभाळून घेतं. तेव्हा एखादा मुलगा नेहमी पानं तपकिरी रंगवत असेल तर ओरडण्याआधी डोळे तपासून घ्या.

आणि ‘मुलगे उशिराच बोलतात, त्याचे बाबाही उशिरा बोलले’ हे वाक्य. मुली सरासरीनं थोड्या लवकर बोलतात, हे खरंय. पण दोन वर्षांचा झाला तरी मुलगा ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर वाट बघू नका. मुलगा आहे म्हणून सोडून दिलं, असं सांगणारे पालक डॉक्टरांना नेहमी भेटतात. मधलं वर्ष तेवढं हातचं जातं.

(दृश्य: पुन्हा बालवाडी. दुसरा दिवस.)

आजींनी काळा कागद परत आणलाय. ताईंनीच मागवला होता. त्या मुलाला जवळ घेऊन विचारतात, ‘यात काय झालं, सांग बरं.’ काय आहे, असं विचारत नाहीत. काय झालं, असं विचारतात.

‘बस होती. मग पाऊस आला. मग बोगदा आला. कात्रजचा. मग लाईट गेले. मग सगळं काळं काळं.’

‘आणि बस?’

‘आतच आहे.’

ताई कागदाच्या मागे त्याचेच शब्द, त्याच क्रमानं लिहून घेतात. आजी चष्मा लावून पुन्हा एकदा कागद बघतात, या वेळी सुलटा. मग तो दोरीवर लागतो, फुलाच्या आणि सात बोटांच्या शेजारी. वेण्यांवाली मुलगी जवळ येते, कागदाला नाक लावते.

‘बस कुठेय रे?’

‘आता नाही दिसणार,’ तो म्हणतो. ‘साताऱ्याला पोचली.’